सोलापूरचा किनारा, टक्क्यांमधला

सोलापूरला बदली झाली की सुरुवातीचे वीकेंड ठरलेले असतात. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. मग प्रश्न पडतो, आता काय? मी मूळचा अलिबागचा, त्यामुळे माझा प्रश्न आणखी सोपा होता : इथे किनारा कुठाय? ऑफिसातल्या मित्राने एका वाक्यात उत्तर दिलं, "किनारा पायजे का बे? मग उजनीला जा की!"

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटेच गाडी काढली. पुणे हायवे, मोहोळ, टेंभुर्णी आणि शंभरेक किलोमीटरवर भीमानगर. इथे भीमा नदीवर १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. मागच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. इथून इंदापूर, पळसदेव करत भिगवणपर्यंत उजव्या हाताचा कुठलाही गावरस्ता पकडा, थोड्या वेळात गाडी पाण्याशी!

कुंभारगावला मच्छीमारांच्या होड्या मिळतात. फ्लेमिंगोंचा गुलाबी थवा जवळून दिसतो. चित्रबलाक तर इतके, की मोजणं सोडून द्यावं. होडीत बसताना लाइफ जॅकेट मात्र मागून घ्याच. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळात होडी उलटली आणि सहा जण गेले. ते काही पिकनिकला निघाले नव्हते. पाणी मध्ये आल्यापासून समोरच्या गावाला जायचा तो नेहमीचा जवळचा रस्ता आहे.

पळसदेवला काठावर एक काका भेटले. पाण्याकडे हात करून म्हणाले, "ते आमचं जुनं गाव." मला नुसतं पाणी दिसत होतं. काका मात्र देऊळ कुठे, वेस कुठे, त्यांचं घर कुठल्या बोळात, सगळं दाखवत होते. पाणी खूप खाली गेलं की तिथल्या पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं. फारच आटलं तर आख्खं देऊळ उघडं पडतं. मग लोक फोटो काढायला गर्दी करतात. काकांना विचारलं, तुम्ही जाता का? "जातो की. दर्शनाला."

आमच्या अलिबागला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. इथे वर्षातून एकदा, आणि ती मोजतात टक्क्यांत. वापरायचं पाणी सुमारे ५३ टीएमसी, त्याखाली मृतसाठा ६३ टीएमसीच्या वर. वरचं संपलं की आकडा 'उणे' होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठच्या घरात गेला होता. ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरलं, तेही मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या पावसावर. ऑफिसात लोक सकाळी पेपर उघडून पुण्याकडचा पाऊस का वाचतात, ते मला त्या दिवशी कळलं.

दुपारी भिगवणला चिलापी फ्राय आणि ज्वारीची भाकरी. सुरमईवाल्यांनी नाक मुरडू नये, आधी खाऊन बघावं!

तुम्हीही जाऊन या. कारण हेच पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून येऊन आपल्या नळाला लागतं. पाणी आलं की बादल्या भरायची घाई तर असतेच. आता नळ सोडला की काकांचा तो बोळही आठवतो.