तीन वर्षांचे लेखन, एका वर्षाचा कर

१/
पीक आणि वर्ष यांची सांगड नेहमीच बसत नाही, हे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. ग्रंथाचे पीक त्याहूनही संथ. प्राप्तिकराचा हिशेब मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च या चौकटीतच बांधला जातो. अनेक वर्षांच्या श्रमांचे उत्पन्न त्या वर्षांवर विभागून कर आकारावा, या विचाराचा हा थोडक्यात इतिहास.

२/
मराठी कादंबरीच्या इतिहासात कोल्हापूरचे स्थान मोठे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. चंदगड तालुक्यातील कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. अशा कृतींमागे वाचन, टिपणे आणि पुनर्लेखन यांची वर्षे असतात. त्या वर्षांत हाती काही पडत नाही. पडले तर एकदम पडते.

३/
एक काल्पनिक हिशेब पाहावा. तीन वर्षे खपून लिहिलेल्या कादंबरीच्या हक्कांपोटी लेखकाला एकरकमी २४ लाख रुपये मिळाले. अन्य उत्पन्न नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत, उपकर वगळता, कर होतो ३ लाख रुपये. हीच रक्कम दरवर्षी ८ लाख अशी मिळाली असती, तर याच दरांनी आणि १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. श्रम तेच, रक्कम तीच; फरक केवळ पैसे हाती येण्याच्या तारखेचा.

४/
एका वर्षावर विसंबू नये, हे शहाणपण जुने आहे. अकबराच्या राजवटीत १५८० मध्ये आलेल्या, तोडरमलाच्या नावाशी जोडलेल्या ‘दहसाला’ पद्धतीत मागील दहा वर्षांचे उत्पादन आणि भाव यांच्या सरासरीवरून साऱ्याचे रोख दर ठरत. ते दर प्रदेशाचे होते, व्यक्तीला दिलेली सवलत नव्हती. तरीही एखादे वर्ष अपवादात्मक असू शकते, हे त्या व्यवस्थेने ओळखले होते.

५/
स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही ते ओळखले. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम १८० नुसार, साहित्यकृती वा कलाकृती सिद्ध होण्यास बारा महिन्यांहून अधिक काळ लागला असेल, तर तिचे मानधन एकापेक्षा अधिक वर्षांत विभागून कर आकारण्याची मागणी लेखकाला करता येत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे दार बंद झाले.

६/
पुढे कलम ८०क्यूक्यूबी आले. त्यात लेखकाच्या मानधनातून वर्षाला कमाल ३ लाख रुपयांची वजावट मिळते, पण नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्याला तीही नाही. शिवाय ही वजावट रकमेकडे पाहते, श्रमाच्या काळाकडे नाही. कलम १८० चा विचार अधिक खोल होता.

७/
आक्षेप असा की सरासरीने हिशेब किचकट होतो आणि पळवाटा वाढतात. अमेरिकेने १९६४ मध्ये आणलेली सर्वसाधारण सरासरीची सोय १९८६ च्या करसुधारणेत रद्द केली, हे खरे. परंतु त्याच सुधारणेने तेथील करटप्पे मोजकेच ठेवले. चढत्या दरांचा जाचच उतरला. आपल्याकडे आजही शून्यापासून ३० टक्क्यांपर्यंत सात पायऱ्या आहेत. ब्रिटनमध्ये तर २००१ पासून लेखक-कलावंतांना सरासरीची मुभा आहे.

८/
किचकटपणाची सबब दुसऱ्या एका कारणानेही टिकत नाही. शिवाजी विद्यापीठातील प्राध्यापकाला वेतनाची मोठी थकबाकी एकदम मिळाली, तर कलम ८९ नुसार ती ज्या वर्षांची, त्या वर्षांशी जोडून करसवलत मागता येते. पगारदाराच्या मागील वर्षांचा हिशेब शासनाला जमतो. त्याच शहरात स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या ग्रंथकाराचा का जमू नये?

९/
मोडी कागदपत्रे वाचून दीर्घ ग्रंथ लिहिण्याचे स्वप्न पाहणाऱ्या तरुण अभ्यासकांशी हा प्रश्न थेट जोडलेला आहे. ही मागणी करमाफीची नाही. जितकी वर्षे राबावे लागले, तितकी वर्षे मोजावीत, एवढीच आहे. कलम १८० चे तत्त्व पुन्हा कायद्यात यायला हवे.

(समाप्त)