नऊ लक्ष आणि सात दिवस

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावरून वाहत गेलेली तापी पुढे खानदेशात चांगदेव गावी पूर्णेला मिळते. ज्या योग्याच्या नावाने ते गाव ओळखले जाते, त्याची कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. चौदाशे वर्षांच्या आयुष्याची ख्याती, वाघावरची स्वारी, हाती सापाचा चाबूक. आणि ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न सुचल्याने धाडलेला कोरा कागद! उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, परंतु शिष्यत्व पत्करावे लागले ते धाकट्या मुक्ताबाईचे. शक्ती होती, ती कशाकरिता, हे कळावयाचे राहिले होते.

हे आठवण्याचे कारण हल्लीची टूम. मोबाइलवर बीजमंत्र ऐकावा, डोळे मिटावेत, सात दिवसांत कुंडलिनी जागी व्हावी, ही आश्वासने आता आपल्या जुन्या घरांतील मुलांपर्यंतही पोचली आहेत. मंत्रशास्त्राचा हिशेब निराळा आहे. पुरश्चरणाचा रूढ नियम असा की, मंत्राची जितकी अक्षरे तितके लक्ष जप. त्याच्या दशांश हवन, हवनाच्या दशांश तर्पण, मग त्याच क्रमाने मार्जन व ब्राह्मणभोजन. देवीच्या नवार्ण मंत्राचे नऊ लक्ष होतात. रोज दहा माळा केल्या तरी सव्वादोन वर्षे. (बुऱ्हाणपूरच्या वैशाखात दहा माळा म्हणजे काय, हे करणाऱ्यासच विचारावे.) वाचिक जप उपांशू होतो, उपांशू मानस होतो, तो एवढ्या अवधीत. त्या काळात स्वभाव काही निवळला की नाही, हे आम्हांस संख्येपेक्षा महत्त्वाचे वाटते.

पुण्याचे गुळवणी महाराज नूतन मराठी विद्यालयात चित्रकला शिकवीत. टेंबेस्वामींचा अनुग्रह त्यांना लाभला होता. स्वामी 1914 साली गेले. शक्तिपाताची दीक्षा गुळवणींना मिळाली ती 1922 साली, होशंगाबादेस. त्यानंतरही ते मुलांना चित्रे काढावयास शिकवीतच राहिले. या मार्गात साधकाने ओढाताण करावयाची नसते. गुरूकडून जागी झालेली शक्ती आपले काम आपण करते, त्याने फक्त आसनावर बसावे. याच परंपरेचे विष्णुतीर्थ देवासच्या नारायण कुटीत राहिले, म्हणजे आपल्या माळव्यातच.

गुरू पाहिजे म्हटले की गुरूंची दुकाने उघडतात, हेही आम्ही जाणतो. सिद्धीचा वायदा आणि दक्षिणेचा दर एका दमात सांगणाऱ्याच्या घरून उठून यावे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन पुष्कळ जण रंगून सांगतात; त्याच अध्यायात मिताहार आणि बेताची झोप यांविषयी जे आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. जपाने झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर माळ खाली ठेवून डॉक्टरांकडे जावे. ते जागृतीचे लक्षण म्हणून मिरवू नये.

महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताबाईची यात्रा भरते. बुऱ्हाणपूरकरांस ती जवळची. चांगदेवाच्या जुन्या दगडी देवळात अवश्य थांबावे. कोथळीस, मुक्ताबाईपाशी, थोडे अधिक.