नळाला लावलेली मोटार

मैत्रिणींनो, नळ आला की तुमची-माझी धांदल सारखीच. हंडे, कळश्या, बादल्या, आणि नेमकं तेव्हाच दूध उतू जातं! गेल्या उन्हाळ्यात आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा ह्यांनी नळाला सरळ मोटारच जोडून दिली. पंधरा मिनिटांत टाकी भरली. मी खूश! चौथ्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या काकू रिकामा हंडा घेऊन दारात उभ्या. “तुमची मोटार सुरू झाली की आमच्या नळातनं नुसती हवा येते गं.” काय बोलणार?

आमचं किनवट पैनगंगेच्या काठचं. नदीचं पाणी प्यायचं तर आधी ते पंपानं शुद्धीकरण केंद्रात आणावं लागतं. तिथं तुरटी घातली की गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळून, क्लोरीन मिसळून उंच टाकीत चढवतात. पुढचं काम उंचीचं. टाकीतलं पाणी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. तो वाटेत घटत जातो, आणि उरलेला साऱ्या गल्लीचा असतो. मोटार शेजारणीचा वाटा ओढते.

एवढंच असतं तर भांडणावर भागलं असतं. पण जमिनीतली पाइपलाइन कुठे ना कुठे गटारीजवळून जाते, आणि जुने सांधे गळतात. पाइप भरलेला असताना पाणी बाहेर झिरपतं. पाणी बंद झालं किंवा मोटारीनं ओढ दिली की उलट होतं, बाहेरची घाण आत शिरते. कावीळ, जुलाब, टायफॉइड घरात येतात ते असे. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं, ते याचसाठी. तेव्हा त्या वासाला नाकं मुरडू नका बरं!

नळ आल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या धुण्याला, फरशीला वापरा, पिण्याला नको. पण ओतूनही देऊ नका. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, म्हणजे माणशी ५० लिटर धरले तर १०,००० माणसांचा एक दिवस! पावसाळ्यात घरी तुरटी फिरवून पाणी नितळ दिसतं, जंतू मात्र मरत नाहीत. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या.

आणि मोटार? ती आम्ही विकली नाही. नळाखाली छोटा हौद बांधला. नळाचं पाणी आपल्या चालीनं हौदात पडतं, आणि मोटार हौदातून वर चढवते. हौद भरायला पाऊण तास लागतो. तेवढ्यात माझं धुणं होतं. काकूंच्या नळाला आता पाणी येतं. धार अजून बारीकच आहे म्हणतात.