पर्यवेक्षकाचे हसू

प्राथमिक शाळेतील परीक्षा ही हसण्याची बाब नव्हे, असे शिक्षणखात्याची परिपत्रके वाचणाऱ्यास वाटेल. वर्गावर उभ्या असलेल्या पर्यवेक्षकांचा अनुभव मात्र निराळा आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशी लहान मुले परक्या शाळेतील बाकांवर येऊन बसतात, फाटकाबाहेर पालक ताटकळत असतात, आणि आत प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिण्याची सूचना होताच एखादा मुलगा बोटाने बाक मोजून ‘खिडकीकडून तिसरा’ असे प्रामाणिकपणे लिहून मोकळा होतो. अशा वेळी फळ्याकडे तोंड फिरवणे, एवढेच पर्यवेक्षकाच्या हाती असते.

1954-55 पासून चालत आलेल्या या परीक्षेला खेड्यापाड्यांत आजही मोठा मान आहे. 2016-17 मध्ये ती चौथीवरून पाचवीवर नेण्यात आली, तरी तो मान उणावला नाही. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण आणि दीड तास. चार पर्यायांपैकी योग्य त्याचे वर्तुळ काळे करावयाचे. चित्रकलेच्या तासाला रंग रेषेबाहेर जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारे मूल येथेही एकेक वर्तुळ घोटून घोटून भरते आणि निम्मा वेळ त्यातच घालवते. ते पाहून आलेले हसू फार वेळ टिकत नाही.

चार मजूर एक काम सहा दिवसांत करतात, असे उदाहरण पुढे आले की बाजारगावची एखादी मुलगी हळूच विचारते, ‘बाई, बाजाराच्या दिवशीपण काम असतं का?’ बाईंना उत्तर देण्याची मनाई असते. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांतून गटात न बसणारा शब्द निवडताना दुसरा एक मुलगा शेळीवर खूण करतो; कारण इतकेच, की बाकीची तिन्ही त्याच्या घरी आहेत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राच्या लेखी हा मुलगा आणि डोळे मिटून वर्तुळे भरणारा मुलगा सारखेच.

हे किस्से पुढे शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर रंगतात, आणि पुष्कळदा हसण्याचा रोख मुलांच्या अडाणीपणाकडे वळतो. वास्तविक हसावे ते ज्यांच्या मजुरांना आठवडी बाजार नाही, ताप नाही, लग्नकार्य नाही, अशा प्रश्नकर्त्यांना. त्या मुलीला गणित येत नव्हते असे नव्हे. तिने ते खरे मानले होते. तिच्या घरात मजुरी करणारे कोणी असेल, तर ते तिने मानावयासच हवे होते.

परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करून आक्षेप मागवते. ही पद्धत चांगलीच. परंतु त्या आक्षेपांचा विषय कोणता पर्याय बरोबर हाच असतो. मुलाने चुकीचा पर्याय का निवडला, हे ऐकलेला माणूस वर्गात उभा असतो आणि त्याच्याकडून गैरहजरांची नोंद तेवढी घेतली जाते. कोणत्या प्रश्नाला हात वर झाले, मुलांनी काय विचारले, याच्या चार ओळीही त्याच्याकडून मागवाव्यात. गुणांत त्यामुळे काडीचा फरक पडू नये. पुढील वर्षीच्या प्रश्नकर्त्यांपुढे त्या ठेवल्या जाव्यात, इतकेच. आधीच तक्त्यांनी बेजार झालेले शिक्षक आणखी एका कागदाच्या नावाने कपाळाला हात लावतील, हे उघड आहे. तरीही हा कागद भरताना त्यांना निदान हसू तरी येईल, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून होईपर्यंत दहा मिनिटांत तो पुरा होईल.