नवजात शिशूचा सशब्द श्वास : कफ की रचनादोष?

तीन आठवड्यांच्या बालकाला घेऊन आई व आजी चिकित्सालयात येतात. "घसा घरघरतो, कफ झालाय," असे आजी सांगतात. आपण शेक, मातेला पथ्य आणि एखादे चाटण सुचवितो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकानेही हेच केले. दहा दिवसांनी पाहिले, तर वजन वाढले नव्हते आणि श्वास आत घेताना गळ्याखाली खळगा पडत होता. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासले. निदान झाले लॅरिंगोमलेशिया, अर्थात स्वरयंत्राच्या वरील भागाचे शैथिल्य. तेथे कफ नव्हताच. चूक माझी होती.

अर्भकातील अशा आवाजाचे हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. आवाज श्वास आत घेताना येतो. उताणे असता, रडताना व स्तनपान करताना वाढतो. बहुतांश बालकांत दीड-दोन वर्षांपर्यंत तो आपोआप नाहीसा होतो. मात्र वजन न वाढणे, निळेपणा वा श्वास थांबणे ही लक्षणे असल्यास शस्त्रकर्म लागू शकते.

अन्य खुणाही ध्यानी ठेवाव्यात. शांत असता निळे पडणारे व रडताना गुलाबी होणारे बालक दोन्ही नासामार्ग बंद असल्याचे सुचविते, कारण नवजात प्रामुख्याने नाकानेच श्वसन करते. तोंडाला सतत फेस व दूध पाजताच ठसका, तर अन्ननलिकेच्या जन्मजात दोषाची शंका घ्यावी. हनुवटीभोवती लाल रक्तवाहिन्यांची गाठ आणि वाढता आवाज असेल, तर श्वासमार्गातही तशीच गाठ असू शकते. तिच्यावर २००८ नंतर प्रोप्रानोलॉल उपयोगी ठरले आहे.

कोणी म्हणेल, हा आपला प्रांत नव्हे. परंतु चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात जातमात्र बालकाचे तालु, ओष्ठ, कंठ व जिव्हा यांचे प्रमार्जन सांगितले, ते श्वासमार्गाचे महत्त्व जाणूनच. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय तर न बोलणाऱ्या बालकाची व्यथा त्याच्या चेष्टांवरून ओळखावयास शिकवितो. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही आपलीच परीक्षा होय; ती न करता चाटण देणे हा शास्त्राचा अवमान आहे.

म्हणून वैद्यबंधुभगिनींना विनंती की, कारण निश्चित होईपर्यंत अशा बालकास मुखावाटे काहीही चाटवू नये. एक वर्षाच्या आतील बालकास बोटुलिझमच्या धोक्यामुळे मधही देऊ नये. निळेपणा वा खळगा दिसताच त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावे. योग्य वेळी पाठविणे हा वैद्याचा पराभव नसून तेही चिकित्साकर्मच आहे.