ऐकलेले कोणाचे?

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की पुढे कुरुळी लागते. खेड तालुक्यातले हे गाव आता चाकणच्या कारखानदारीत पुरते मिसळून गेले आहे. पाळी सुटण्याच्या वेळी येथे रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहावे. कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात, तरुण पोरे उतरतात आणि बहुतेकांच्या कानांत इयरफोन असतो. परवा त्यांतल्या एकाला सहज विचारले, "काय ऐकतोस रे?" मला वाटले, सिनेमाची गाणी असणार. तो म्हणाला, "कादंबरी, काका. काल अर्धी राहिली होती."

मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे सुखावलो. पण सारी नोकरी बँकेत झाली असल्याने पाठोपाठ हिशेबही सुरू झाला.

आपल्याकडे ऐकण्याला पूर्वी वेळेचे बंधन होते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत, अशी ५६ गीते. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या घरी शेजारीपाजारी जमत. त्या एकत्र ऐकण्याचे कौतुक आपण आजही करतो. मात्र वेळ आकाशवाणीने ठरवायची आणि श्रोत्याने पाळायची, असा तो व्यवहार होता. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराला तो कसा जमावा? मध्यरात्री कामावरून सुटणाऱ्याला हवे ते, हव्या त्या क्षणी ऐकण्याची सोय या फोनने प्रथम दिली. जुन्या दिवसांच्या ओढीने हे नाकारणे अन्यायाचे होईल.

ही सोय स्वस्त कशी झाली, तेही पाहू. फोनवर पुस्तक ऐकताना ते एकदम येत नाही. त्याचे छोटे तुकडे करून पाठवले जातात. एक तुकडा कानावर पडत असताना पुढचे फोनमध्ये येऊन थांबतात. म्हणून बस पुलाखालून गेली तरी वाक्य सहसा तुटत नाही. बोललेल्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट पुरेसे धरले, तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात. म्हणजे दहा तासांच्या कादंबरीला २९० एमबी. 'ट्राय'च्या आकडेवारीनुसार २०१४ साली एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत, ते २०१८ साली १२ रुपयांच्या आत आले. ७८ रुपयांची वाहतूक साडेतीन रुपयांत होऊ लागली. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची सेवा सुरू झाली होती. २०१७ च्या अखेरीस स्वीडनची स्टोरीटेल ही कंपनी भारतात आली, तीही मराठी पुस्तके घेऊन. कपाटात पडून राहिलेल्या कितीतरी पुस्तकांना त्यानंतर आवाज मिळाला.

येथवर जमेची बाजू झाली. आता नावेची बाजू.

बँकेत ठेव आणि भाडे यांत फरक असतो. ठेव आपली असते. भाड्याच्या लॉकरचे पैसे थकले, की कुलूप उघडत नाही. फोनवरचे ऐकणे हे भाडे आहे. वर्गणी संपली, की उतरवून ठेवलेले पुस्तकही बोलत नाही. २०२४ साली एअरटेलने आपली विंक ही संगीतसेवाच बंद केली. याच विंकविरुद्ध टिप्स या संगीत कंपनीने लढवलेल्या खटल्यात २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले होते, की रेडिओ-टीव्हीला ठरावीक दराने मिळणारा कायदेशीर परवाना इंटरनेटवरील संगीतसेवेला लागू नाही. २०२२ साली खंडपीठानेही तेच कायम केले. मालकाच्या हक्काच्या दृष्टीने हे योग्यच म्हणता येईल. पण त्याचा अर्थ असा, की या सेवांवरचे प्रत्येक गाणे दोन कंपन्यांच्या करारावर टिकून आहे. करार संपला, की गाणे गेले. श्रोत्याला कोणी विचारत नाही.

लेखकांचेही तसेच. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, असे ठरले. लढून मिळालेला हा हक्क आहे. माझ्या व्यवसायबंधूंना मी एवढेच सांगेन, की ध्वनिपुस्तकाच्या करारावर सही करण्यापूर्वी मुदत किती आणि हिशेब कधी मिळणार, ही दोन कलमे आधी वाचा. कर्जदारांना आयुष्यभर हेच सांगत आलो.

कुरुळीच्या त्या मुलाला मी विचारले, "ही कादंबरी आणखी कोणाला ऐकवलीस का?" तो म्हणाला, "खोलीत आम्ही चौघं, पाळ्या वेगवेगळ्या. जोडीदाराला सांगितलं, पण त्याने पैसे भरलेले नाहीत. देणार कशी?"

पुस्तक हातोहात फिरते, कॅसेट शेजारी जात असे. कानातली कादंबरी मात्र एकाच कानापाशी संपते. म्हणून फोनवर जरूर ऐका, पण मनाला भिडलेले वर्षातून एखादे तरी पुस्तक विकत घेऊन घरात ठेवा. आणि आज रविवार आहे. तो इयरफोन तासभर काढा, फोन जेवणाच्या खोलीत मधोमध ठेवा आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ऐका.

त्या मुलाने निघताना पुस्तक कोठे मिळेल ते विचारून घेतले. जोडीदाराच्या उशाशी ठेवायचे होते.