स्पर्श एकटा येत नाही

मागच्या डिसेंबरमध्ये साताऱ्याला गेले होते तेव्हाची गोष्ट. आई बेसिनपाशी तोंड धूत होती. साबण लावून तिने डोळे मिटले आणि ती एकदम मागे कलली. मी शेजारीच होते म्हणून निभावलं. "चक्कर नाही गं, पायच कळेनासे झाले," ती म्हणाली. आईला वीस वर्षांचा मधुमेह आहे. डोळ्यांची फाइल वेगळी, कानांची वेगळी, पायांची वेगळी. प्रत्येकीत "वयाच्या मानाने ठीक" असा शेरा. तिन्ही फाइली एकत्र ठेवून कुणी वाचल्याच नव्हत्या.

मोरिट्झ रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरने १८४०च्या दशकातच हे लिहून ठेवलंय: पायांकडून मज्जारज्जूवाटे येणारी संवेदना कमी झालेला माणूस डोळे उघडे असताना नीट उभा राहतो, मिटले की डोलू लागतो. म्हणजे आईचे डोळे इतके दिवस तिच्या पायांचंही काम करत होते.

शाळेत आपण पंचेंद्रियांचा तक्ता पाठ केला. कॉलेजात तोच तक्ता वायरिंगच्या रूपात भेटला: त्वचा, मज्जारज्जू, ब्रेनस्टेम, थॅलॅमस आणि शेवटी कॉर्टेक्स. यात ब्रेनस्टेम म्हणजे पाकीट न फोडता पुढे धाडणारं टपाल ऑफिस. माझ्या मते हे चित्र आता भिंतीवरून उतरवायला हवं.

ब्रेनस्टेमच्या वरच्या टोकाला सुपिरिअर कॉलिक्युलस नावाचा भाग आहे. बॅरी स्टाइन आणि अ‍ॅलेक्स मेरेडिथ यांनी १९८०च्या दशकात मांजरांच्या या भागातल्या एकेका पेशीचे संदेश टिपले. काही पेशी स्पर्शालाही प्रतिसाद देत होत्या आणि प्रकाशाला किंवा आवाजालाही. दोन संवेदना एकाच जागेहून, एकाच वेळी आल्या तर पेशीचा प्रतिसाद कधीकधी दोन्हींच्या बेरजेपेक्षाही मोठा. त्यातही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: मूळ संवेदना जितक्या क्षीण, तितका एकत्र येण्याचा फायदा जास्त.

हे सगळं ब्रेनस्टेम एकटाच करतो असंही नाही. कॉर्टेक्सचा एक ठरावीक भाग तात्पुरता बंद केला की या पेशी एकेका संवेदनेला प्रतिसाद देत राहतात, पण ती जादा बेरीज नाहीशी होते. अंधारात वाढवलेल्या मांजरांमध्ये ती तयारच होत नाही, म्हणजे ती अनुभवाने शिकावी लागते. खाली, तोल सांभाळणाऱ्या व्हेस्टिब्युलर केंद्रकांतही आतल्या कानाकडून, मानेच्या स्नायूंकडून आणि डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या दृश्याकडून आलेली माहिती एकत्र होते. आणखी खाली, हातापायांच्या सूक्ष्म स्पर्शाचं मेंदूतलं जे पहिलं ठाणं, तिथेही कॉर्टेक्सकडून तंतू उतरतात. पत्र पहिल्याच ऑफिसात फोडलं जातं आणि वरचे साहेब त्यात खाडाखोड करतात.

आवाजाचं उदाहरण गमतीचं आहे. फिनलंडमध्ये १९९८ साली युसमाकी आणि हारी यांनी लोकांना तळहात एकमेकांवर चोळायला सांगितलं आणि तोच आवाज त्यातला उंच पट्टीचा भाग वाढवून हेडफोनवर ऐकवला. लोकांना आपली कातडी कागदासारखी कोरडी वाटू लागली! हा बदल मेंदूच्या कुठल्या मजल्यावर होतो ते या प्रयोगातून कळत नाही, त्यामुळे तो ब्रेनस्टेमच्या खात्यात मी टाकत नाही. पण "शुद्ध स्पर्श" किती नाजूक कल्पना आहे ते दिसतं.

यात आम्ही संशोधकही दोषी आहोत. स्पर्शाचा प्रयोग करताना आम्ही दिवे घालवतो आणि उंदराला मोटरचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून एकसुरी खरखर लावतो. कारण रास्त आहे; नाहीतर उंदीर मिशांऐवजी कानांनीच उत्तर शोधेल. पण मग अशा खोलीत मोजलेल्या स्पर्शाला आम्ही "स्पर्शाचा मार्ग" म्हणतो. मुंबईची लोकल समजून घ्यायला रात्री अडीच वाजता दादरच्या रिकाम्या फलाटावर उभं राहावं, तसं. दिवे लावून केलेले प्रयोग किचकट होतात, आकडे पसरट येतात, पेपर परत येतो. तरी दोन्ही करायला हवेत. मीही आजवर सोपंच केलं आहे.

दवाखान्यात एकेक इंद्रिय तपासणं गरजेचंच आहे. पण सत्तरीच्या मधुमेही बाईला "अंधारात चालताना काय होतं?" हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. डॉक्टरांना वेळ नसेल तर आपण विचारावा. व्हिडिओ कॉलवर आपण "शुगर किती?" एवढं विचारतो आणि आपलं कर्तव्य संपतं.

परत येण्याआधी मी बाथरूमच्या वाटेवर आपोआप लागणारा छोटा दिवा बसवला. आई आता एक हात बेसिनच्या कडेवर ठेवून दुसऱ्या हाताने तोंड धुते. दिवा मात्र "उगीच बिल वाढतं" म्हणून अधूनमधून काढून ठेवते. हे मला शेजारच्या काकूंकडून कळतं.